घासायचं नाही

“तिला काहीही चिकटवायचं नाही,” मेधा फोनवर म्हणाली. “टेप नाही, ईसीजीचे स्टिकर नाहीत, काही नाही. तू येऊन बघ आणि सांग, वेळ आली तर इथे भूल देता येईल का.”

मी तेव्हा डहाणूतल्या एका नर्सिंग होमच्या पायऱ्या उतरत होते. हर्नियाची केस नुकतीच संपली होती. मी भूलतज्ज्ञ आहे. आम्हा फिरत्या भूलतज्ज्ञांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. जिथे ऑपरेशन असेल तिथे बॅग घेऊन जायचं. डहाणू, आशागड, तलासरी हा माझा रोजचा फेरा. डॉक्टर मेधाचं छोटंसं मॅटर्निटी होम तलासरीत आहे. ती बायकांची डॉक्टर. तिच्या सिझरना मी बरीच वर्षं भूल देते आहे. फोनवर ती कामापुरतं बोलते. त्या दिवशी मात्र बराच वेळ बोलली.

लोकांना वाटतं, भूल म्हणजे एक इंजेक्शन. इंजेक्शन हा त्यातला सगळ्यात लहान भाग. सलाईनची सुई हातावर टेपने चिकटवावी लागते. छातीवर ईसीजीचे गोल स्टिकर लावायचे. पूर्ण भूल दिली तर पापण्या टेपने मिटायच्या, घशातली नळी टेपने ओठांजवळ पक्की करायची. रक्तस्राव थांबवायला कॉटरी नावाचं विजेचं यंत्र असतं, त्याची प्लेट मांडीला चिकटते. आमचं निम्मं काम चिकटपट्टीवर चालतं. ती काढून घेतली तर काय उरतं, असा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

पेशंटचं नाव जयवंती. सातवा महिना. मी पोचले तेव्हा ती ओपीडीच्या बाकावर एका मऊ गोधडीच्या घडीवर बसली होती. कुर्ता उलटा घातलेला, शिवणी बाहेर. शेजारी तिचे वडील, लाडक्याकाका. त्यांनी बनियनही तसाच उलटा घातला होता. मी नमस्कार केला, त्यांनी हात जोडले, आणि त्या हातांना नखं नाहीत हे मला दिसलं. बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांची चकचकीत कातडी. मग जयवंतीचे हात पाहिले. तेच हात, वयाने लहान.

या आजाराचं नाव लांबलचक आहे, एपिडर्मोलिसिस बुलोसा. समजायला अवघड नाही. आपल्या कातडीचे दोन थर असतात. वरचा थर खालच्याला बारीक धाग्यांनी शिवलेला असतो. ते धागे आपल्याला दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळेच आपण घासाघीस सहन करतो. या माणसांचे धागे जन्मापासून कच्चे असतात. जरा घर्षण झालं की वरचा थर सरकतो, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. नवी चप्पल चावल्यावर आपल्याला येतो तसाच. फरक इतकाच की यांना तो पिशवीच्या बंदाने येतो, बसच्या दांडीने येतो, कुशीवर वळल्यानेही येतो. फोड भरून येतो पण व्रण ठेवून जातो. तिथे पुन्हा फोड, पुन्हा व्रण. नखं जातात. घामाने त्रास वाढतो, आणि आमच्याकडे घाम वर्षातले बहुतेक महिने येतो.

हा आजार संसर्गाने होत नाही, आईबापांच्या रक्तातून येतो. याचे प्रकार बरेच आहेत आणि काही फार वाईट आहेत. त्यात बाळं महिन्या-दोन महिन्यांतच जातात. जयवंतीचा त्यातल्या त्यात सौम्य. पण सौम्य हा शब्द डॉक्टरांचा. ज्याला रोज सकाळी फोड तपासून दिवस सुरू करावा लागतो, त्याच्यासमोर तो जपूनच वापरलेला बरा.

जयवंती आश्रमशाळेत शिकलेली, बारावी झालेली. बोलायला मोकळी. मी विचारत गेले, ती सांगत गेली. लहानपणी शाळेतून तिला घरी पाठवलं होतं. इतर मुलींना लागण होईल म्हणून. लाडक्याकाका तिला खांद्यावर न घेता, कारण खांद्यावर काखेत घासतं, टोपलीत गोधडी घालून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि स्वतः मुख्याध्यापकांना फोन करून समजावलं. ती परत शाळेत गेली. आधारला तिच्या बोटांचे ठसे उठत नाहीत. रेशनच्या मशीनवर तर बापलेक दोघंही अडतात.

“मशीनला आम्ही दिसतच नाही,” ती म्हणाली आणि हसली.

तिचा नवरा महेश अच्छाडच्या नाक्यावर टायरचं दुकान चालवतो. पंक्चर काढणं, हवा भरणं. ती दुकानात शीतपेयं आणि वेफर्स सांभाळते. लग्नाआधी त्याला सगळं सांगितलं होतं. मूल होणार कळल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं की तुमच्या प्रकारात आईकडून बाळाला आजार येण्याची शक्यता नाणं उडवल्यासारखी असते, निम्मी-निम्मी. महेशने काय उत्तर दिलं ते तिनेच सांगितलं. तो म्हणाला, नाणं कसंही पडलं तरी पोर आपलंच.

मग मुद्द्यावर आलो. बाळ पायाळू होतं, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. पहिलटकरणीचं पायाळू बाळ म्हटल्यावर सिझरची शक्यता मोठी. डिलिव्हरी मुंबईतच करायची ठरली होती, तारखेच्या आधी जाऊन तिथे राहायचं. पण मेधाचं म्हणणं, तलासरी ते मुंबई रस्ता केवढा, हे बाळ विचारून थोडंच येतं. तिला पर्यायी तयारी हवी होती. मी आजही मनात तिचे आभार मानते ते यासाठी की तिने मला त्या दिवशी बोलावलं, आयत्या वेळी नाही.

मी जयवंतीला तोंड उघडायला लावलं. चांगलं उघडत होतं. वाईट प्रकारात तोंडातही फोड येऊन जीभ आणि गाल आवळतात, मग घशात नळी घालणं कठीण होतं. पाठ पाहिली. कमरेवरची कातडी स्वच्छ होती. म्हणजे स्पायनल देता येईल. मणक्यात बारीक सुईने औषध द्यायचं, कमरेखालचं शरीर बधिर होतं, पेशंट जागी राहते. तोंडाला, डोळ्यांना हात लावायची गरज नाही.

स्पायनल म्हटल्यावर ती पहिल्यांदा घाबरली. तिला वाटत होतं, पाठीत सुई घातली की तिथली कातडी सुटून येईल. मी तिला सुई दाखवली. सांगितलं की सुई सरळ आत जाते आणि सरळ बाहेर येते, सरकत नाही. तिने थोडा विचार केला.

“म्हणजे दाबण्यासारखं,” ती म्हणाली. “दाबलेलं मला चालतं मॅडम. घासलेलं नाही चालत.”

पुस्तकात मी हेच त्या रात्री वाचलं, जरा जड शब्दांत. पण कामाला उपयोगी पडलं ते तिचं वाक्य. बीपीच्या पट्ट्याखाली कापसाचा जाड थर गुंडाळला आणि पट्टा फुगवून पाहिला. सोडल्यावर कातडी जशीच्या तशी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक गोष्ट जमली होती.

मुंबईला माझे एक सर आहेत, ज्यांच्या हाताखाली मी भूल शिकले. त्यांना फोन केला. त्यांनी असे पेशंट पाहिले होते. त्यांनी प्रत्येक वस्तू एकेक करून सांगितली आणि शेवटी म्हणाले, “जिथे हात लावायची गरज नाही तिथे लावू नकोस. आपल्याला सवय असते, काही ना काही करत राहायची.”

मेधाकडच्या कल्पना सिस्टर बोलायला फटकळ, पण हाताने इतक्या हळुवार की बाळंतिणी त्यांचंच नाव घेतात. त्यांनी एक खोका रिकामा केला आणि त्यावर मोठ्या अक्षरात जयवंती लिहिलं. त्यात कापसाचे रोल, मऊ बँडेज, व्हॅसलीन लावलेली जाळी, आणि वापीहून मागवलेली सिलिकॉनची टेप, जी कातडी न ओढता निघते. ईसीजीच्या स्टिकरांचे चिकट काठ त्यांनी कात्रीने गोल कापून टाकले, मधला जेलचा ठिपका तेवढा ठेवला. तो मऊ बँडेजने धरून ठेवायचा. एका दुपारी आम्ही तिघींनी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहून कोरडी तालीम केली. सिस्टर स्वतः टेबलावर झोपल्या आणि प्रत्येक वेळी आमचा हात सरकला की ओरडल्या, “घासलंत.”

ही तालीम वाया जावी, अशीच आमची इच्छा होती.

मे महिन्यातली दुपार. मी आशागडला एका ओळखीच्यांकडे जेवायला बसणार होते. मेधाचा फोन. जयवंती आली आहे. पाणी गेलंय. कळा सुरू आहेत, तारखेच्या बऱ्याच आधी. तपासलं तर बाळाचा एक पाय खाली उतरलाय.

“मुंबई?” मी विचारलं.

“रस्त्यात पाय बाहेर आला तर तिथे आपण कुणीच नसू,” ती म्हणाली. “इथेच करते. ये.”

मी निघाले. हायवेला लागल्यावर सरांना फोन लावला, गाडी कडेला घेऊन. त्यांनी एवढंच विचारलं, खोका तयार आहे ना. हो म्हटल्यावर म्हणाले, मग जा, मी फोन जवळ ठेवतो. धीर देण्याची ही त्यांची पद्धत.

पोचले तेव्हा महेश दाराशी उभा होता, हात टायरच्या काळ्याने भरलेले. दुकान तसंच टाकून आला होता. लाडक्याकाका जिन्याखाली उकिडवे बसले होते. मला पाहून उभे राहिले.

ओटीत पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे काहीच न करणं. जयवंती स्वतः टेबलावर चढली. आम्ही कुणीही तिला ओढलं नाही, सरकवलं नाही. दोन कळांच्या मध्ये ती स्वतःच्या हिशोबाने, हात टेकत, उचलत, वर गेली. टेबलावर आधीच जाड मऊ गादी आणि वर गुळगुळीत चादर होती.

सलाईनसाठी शीर शोधताना आम्ही दंडाला रबरी पट्टी बांधतो. ती पिळते. त्याऐवजी सिस्टरनी कापूस ठेवून दोन्ही हातांनी दंड दाबून धरला. शीर मिळाली. सुई टेपशिवाय, बँडेजच्या दोन वेढ्यांत बसवली. बोटाला लावायचा, ऑक्सिजन मोजणारा चिमटा कानाच्या पाळीला अलगद लावला. पाठीवर जंतुनाशक पुसायचं नसतं, तर ओतायचं. सिस्टर वरून ओतत होत्या, मी वाट पाहत होते. एरवी मी ते चोळून लावते आणि पुढच्या कामाला लागते. त्या दिवशी ते आपोआप वाळेपर्यंत थांबावं लागलं. जयवंतीच्या कळा सुरूच होत्या आणि ती एकदाही हलली नाही. इतकी स्थिर पेशंट मी क्वचित पाहिली. लहानपणापासून तिला न घासता बसायची सवय.

सुई पहिल्याच वेळी जागेवर गेली. मी मनात कुणाचे तरी आभार मानले. कुणाचे, ते सांगता येत नाही.

पाय जड झाले म्हणाली. तिला सरकवून नव्हे, आम्ही तिघी आणि आयाबाई अशा चौघींनी चादरीसकट उचलून उताणं केलं. मेधाने कॉटरीला हात लावला नाही. प्रत्येक रक्तवाहिनी दोऱ्याने बांधत गेली, जुन्या पद्धतीने. त्याला वेळ जास्त लागतो. एरवी तिच्या हातांना घाई असते, आज नव्हती. माझं काम बीपी बघणं, औषध देणं आणि तिच्याशी बोलत राहणं. ती विचारत होती, आता काय चाललंय. मी खरं खरं सांगत होते.

बालरोगतज्ज्ञ डहाणूहून निघाले होते, पण हायवेवर ट्रकांच्या रांगेत अडकले होते. त्यामुळे बाळ माझ्या हातात येणार होतं. पेशंट शुद्धीत आणि स्थिर असली की छोट्या गावांत बाळाला भूलतज्ज्ञच बघतो, हे काही नवं नाही. सिस्टरनी जयवंतीच्या मॉनिटरवर नजर ठेवायची, मी बाळाकडे जायचं, हे आम्ही तालमीत ठरवलं होतं.

आधी पाय आले, मग धड, मग डोकं. मुलगी. मेधाने तिला मऊ पॅडवर ठेवून पॅडसकट माझ्याकडे दिलं. ती निळसर होती आणि रडत नव्हती.

अशा वेळी काय करायचं हे आमच्या हातांना पाठ असतं. टॉवेलने खसाखसा पुसायचं. पाठ चोळायची. तळव्यावर टिचकी मारायची. बहुतेक बाळं तेवढ्याने रागावतात आणि रडतात. माझा हात टॉवेलकडे गेला आणि तिथेच थांबला. या बाळाकडे आईची कातडी आली आहे की बापाची, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. नसेल आली तर चोळल्याने काही बिघडणार नव्हतं. आली असेल तर पाठ सोलून निघाली असती.

मी चोळलं नाही. मऊ कापड टेकवून टेकवून पाणी टिपलं. मान सरळ केली. तरीही श्वास नाही.  मेधाचे हात चालू होते पण ती माझ्याकडे बघत होती. जयवंतीने विचारलं, आवाज का नाही येत. मी म्हटलं, थोडी मदत देते तिला. एवढंच सांगता येण्यासारखं होतं.

लहान बाळाला श्वास देण्याचा मास्क असतो, तोंडा-नाकावर बसवून फुगा दाबायचा. मास्कच्या कडेला व्हॅसलीनचा जाड थर आधीच लावून ठेवला होता. तो मी वरून सरळ खाली टेकवला, सरकवला नाही, आणि दाबून धरला. दाबलेलं चालतं. घासलेलं चालत नाही. फुगा दाबला. छाती वर आली. पुन्हा दाबला. हृदयाचे ठोके मी कातडीला हात न चोळता, नाळेच्या बुडाशी बोट टेकवून मोजत होते. ठोके वाढायला लागले. छाती गुलाबी, मग पोट, मग ओठ. मग तिने तोंड वाकडं केलं आणि मास्कच्या आतूनच ओरडली.

मी आजवर किती बाळांचं रडणं ऐकलं असेल. हिचं रडणं ऐकून मी मास्क सरळ वर उचलला.

मेधा म्हणाली, “बास. आता मी शिवते.” 

मग मी बाळ नीट पाहिलं. डाव्या पायाच्या घोट्यापासून खाली, पाऊलभर, वरची कातडीच नव्हती. लालबुंद, ओलसर पाऊल. कुणाच्या हाताने झालेलं नव्हतं ते, पोटातूनच तसं आलं होतं. म्हणजे नाणं कसं पडलं ते कळलं.

जयवंती जागी होती. मला शब्द शोधावे लागले नाहीत, कारण तिने आधीच विचारलं, “मॅडम, पाय कसे आहेत तिचे?”

मी म्हटलं, “उजवा छान आहे. डाव्या पावलावर कातडी नाहीये. बाकी अंग स्वच्छ आहे. श्वास चांगला घेतेय.”

तिने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. मी पुसायला हात नेला आणि मग कापूस नुसता टेकवला.  मग डोळे न उघडताच म्हणाली, “नाळेला तो प्लास्टिकचा चिमटा लावला असेल तर काढा. तो पोटाला घासतो. दोरा बांधा.”

सिस्टरनी चिमटा काढला आणि दोरा बांधला. हातात नावाचा पट्टा घालायचा असतो, तो त्यांनी बाळाला न बांधता पॅडच्या कडेला बांधला. पावलावर व्हॅसलीनची जाळी ठेवली, वर मऊ बँडेज. बोटांच्या मध्ये जाळीच्या बारीक पट्ट्या, म्हणजे बोटं एकमेकांना चिकटणार नाहीत. हे सगळं जयवंती टेबलावरून सांगत होती आणि मध्येच माझ्याकडून बीपी किती ते विचारून घेत होती.

पोट शिवून झालं, जयवंतीपाशी मेधा थांबली. बाळाला बाहेर नातेवाइकांना दाखवायचं होतं. कल्पना सिस्टर पॅडसकट घेऊन गेल्या, मी सोबत. महेशने हात धुतले होते, कोपरापर्यंत. मी त्याला सरळ सांगितलं. तो पावलावरच्या बँडेजकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आणि जयू?” ती चांगली आहे म्हटल्यावर त्याने भिंतीला पाठ टेकली.

लाडक्याकाका पुढे आले नाहीत. जिन्याखालीच उभे राहिले. सिस्टरनी हाक मारली, आजोबा, नात बघा. त्यांनी मान हलवली. मी जवळ गेले.

“माझ्याकडनं गेलं ते,” ते म्हणाले. “माझ्याकडनं पोरीला, पोरीकडनं हिला. मी कसा घेऊ?”

मी डॉक्टरी उत्तर दिलं. यात कुणाचा दोष नसतो, तुमच्याकडेही कुणाकडून तरी आलंच असेल, किंवा तुमच्यापासून सुरू झालं असेल, ते निवडून कुणी देत नाही. सगळं बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मग मी दुसरं, कामाचं सांगितलं. म्हटलं, काका, हिला उचलायचं कसं ते आमच्यापैकी कुणी रोज केलेलं नाही. जयवंतीला उद्यापर्यंत उठता यायचं नाही. तोवर कोण करणार?

 ते नळावर गेले आणि हात धुऊन आले. एक तळवा बाळाच्या ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे. काखेत हात नाही, सरकवणं नाही. तळवे नुसते खाली टेकवले, बाळाचं वजन हातात येऊ दिलं आणि सरळ वर उचललं. बाळ हललंही नाही. त्या नखं नसलेल्या, वाकड्या बोटांच्या हातांत ते इतकं निवांत होतं की सिस्टरनी पुढे केलेला हात मागे घेतला.

थोड्या वेळाने जयवंतीला खोलीत आणलं. लाडक्याकाका बाळ घेऊन तिच्या खाटेशी उभे राहिले, पण मान खाली. तिने बाळाकडे आधी पाहिलंच नाही. बापाकडे पाहिलं.

“बा,” ती म्हणाली, “तू मला वाढवलंस ना? मग हिला दोघं मिळून वाढवू. आता तर आपण दोघं आहोत.”

 ते बाळाला तिच्या कुशीत टेकवून बाहेर गेले आणि बराच वेळ हायवेकडे तोंड करून उभे राहिले. मी माझी बॅग भरत होते. खिडकीतून दिसत होतं. तेव्हा भरलेले डोळे मी कुणालाही दाखवले नाहीत.

बालरोगतज्ज्ञ आले, त्यांनी बाळ तपासलं, फुप्फुसं साफ असल्याचं सांगितलं. ओठांना आणि जयवंतीच्या स्तनाला व्हॅसलीन लावून दूध पाजायचं ठरलं. ते पाजताना सिस्टरनी एक शंका काढली की सिझर झालं, मग हिला पायाळू धरायचं की नाही. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की कंबरदुखी जाते, असं आमच्याकडे मानतात. आणि सिस्टरची कंबरदुखी जुनी. जयवंती म्हणाली, पाऊल बरं होऊ दे, पहिली लाथ तुम्हालाच. पोट शिवलंय, हसू-हसवू नका म्हणून मेधाने दोघींना दटावलं.

जयवंतीच्या अंगावर आमच्या कामाने फोड आला तो एकच, कोपराखाली, कुठे घासलं ते कुणालाच कळलं नाही. तिने तो पाहून म्हटलं, हा तर मला घरी भाकरी थापतानाही आला असता. मी तिला त्याबद्दल सॉरी म्हटलं. तिला आश्चर्य वाटलं.

मुलीचं नाव दीक्षा ठेवलं. पाऊल काही आठवड्यांत भरून आलं, त्या पायाची नखं मात्र उगवली नाहीत. मुंबईच्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रकार आई आणि आजोबांचाच, सौम्य. पुन्हा तोच शब्द. ती आता चालते, म्हणजे पडते, म्हणजे गुडघ्यांना फोड येतात. रोज सकाळी जयवंती निर्जंतुक सुईने फोडाला खालच्या बाजूने टोचते, पाणी जाऊ देते आणि वरची कातडी तशीच झाकण म्हणून ठेवते. कधी हे काम लाडक्याकाका करतात. आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी जयवंतीने तिथल्या नर्सला मांडी न चोळता इंजेक्शन कसं द्यायचं ते सांगितलं आणि त्या बाईने नीट ऐकून घेतलं. नवी औषधं निघताहेत असं वाचते. तलासरीपर्यंत ती कधी येतील माहीत नाही. तोवर हेच, रोजचं.

मी अच्छाडवरून जाताना कधी दुकानापाशी थांबते. हवा भरून घेते, नसली कमी तरी. लाडक्याकाका खुर्ची पुसून देतात.  दीक्षा पोटावर झोपून माझ्या गाडीची चाकं बघते.

त्या दिवशी सगळं नीट झालं याचं श्रेय वाटायला बसलं तर माझ्या वाट्याला थोडंच येईल. मेधाने वेळेआधी फोन केला. सरांनी फोन जवळ ठेवला. सिस्टरनी चिकट काठ कापले. पण मुख्य म्हणजे एका बाईला स्वतःच्या कातडीबद्दल सगळं माहीत होतं आणि ते तिने आम्हाला न लाजता सांगितलं. नाहीतर बरेच पेशंट आम्हाला बिचकून गप्प राहतात आणि आम्ही ते त्यांचं सहकार्य समजतो.

आता नवीन ज्युनियर माझ्याबरोबर आले की मी त्यांना एक गोष्ट सांगते. पेशंटला जे विचारायचं असेल ते भूल देण्याआधी विचारून घ्या. पूर्ण भूल दिल्यावर पेशंट उत्तर देत नाही.